परत पाठवलेलं पत्र

लोकलमध्ये ऐकत असाल तर दारापासून जरा आत सरका, आणि घरी असाल तर चहा घेऊन बसा. आजची गोष्ट चित्रांची आहे. चित्रकलेच्या तासाला ज्यांनी फक्त डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड काढलं, त्यांनीही थांबा, कारण खरा विषय वेगळाच आहे. आपण काहीतरी मन लावून करतो, ते कुणाला तरी दाखवतो आणि समोरचा काहीतरी बोलतो. त्या बोलण्याचं पुढे काय होतं, त्याचा आज थोडा इतिहास बघू.

सुरुवात माझ्यापासून, कारण या गोष्टीत मी खलनायक आहे.

चारेक वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र रविवारी सकाळी स्केचिंगला जायचो. कुणीही आर्ट स्कूलचं नव्हतं. वही, पेन, जलरंगाचा छोटा डबा, आणि शेवटी मिसळ. एकदा वसईला गेलो, किल्ल्याच्या पलीकडे बंदरावर. आमच्यातल्या एकाने होड्यांचं जलरंगातलं चित्र केलं. नंतर घरी बसून त्यावर आणखी दोन आठवडे काम केलं आणि आम्हाला पाठवलं. एक म्हणाला ‘भारी’, दुसरा म्हणाला ‘कडक’. मग त्याने मला एकट्याला विचारलं, ‘तू खरं सांग.’

आणि मी खरं सांगितलं. लांबलचक मेसेज लिहिला. होडी पाण्यावर तरंगत नाहीये, चिकटवल्यासारखी वाटतेय. डोलकाठी डावीकडे कललीय आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब मात्र सरळ. जाळं ओढणाऱ्या माणसाचा हात गुडघ्याच्या खाली पोचलाय. आभाळ आणि समुद्र एकाच रंगाचे झालेत. सगळे मुद्दे बरोबर होते, आजही मी त्यातला एकही मागे घेणार नाही. पण शेवटी मी एक ओळ टाकली, ‘इतकी वर्षं काढतोयस, एवढंही दिसत नाही का?’

त्याने अंगठा पाठवला. आमची मैत्री तुटली वगैरे नाही, अजून मिसळ खातो आम्ही. पण त्यानंतर त्याने मला एकही चित्र दाखवलं नाही. तो काढतो की नाही, हेही मला कळेनासं झालं.

पुढे दोनेक वर्षांनी मी एक जुनं पत्र वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो. कारण ते पत्र जवळजवळ मीच लिहिलं होतं. फक्त तारीख होती २४ मे १८८५.

पत्र लिहिणारा आंतोन व्हान रापार्ड. ज्याला लिहिलं तो विन्सेंट व्हॅन गॉग.

आता ‘व्हॅन गॉग’ म्हटलं की आपल्या डोक्यात सूर्यफुलं आणि तारांकित रात्र येते. ते सगळं बाजूला ठेवा. हा १८८५ चा विन्सेंट आहे. वय ३२. धर्मप्रचारक म्हणून फसलेला, पुस्तकाच्या दुकानातही न टिकलेला, पंचविशी उलटल्यावर चित्रकार व्हायचं ठरवलेला. हॉलंडच्या दक्षिणेला न्यूनेन नावाचं खेडं, वडील तिथे पाद्री, आणि हा त्यांच्याकडे परत येऊन राहिलेला. खर्च धाकटा भाऊ थिओ पॅरिसहून भागवतो. थोडक्यात, ज्याच्याबद्दल नातेवाईक लग्नकार्यात हळू आवाजात बोलतात, तसला मुलगा.

रापार्ड त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. खानदानी घरातला, अकादमीत रीतसर शिकलेला. दोघांची ओळख १८८० मध्ये ब्रसेल्सला झाली, तीही थिओमुळे. पुढची पाच वर्षं दोघं एकमेकांना पत्रं लिहीत होते. दोघांनाही एकच नाद होता. ‘द ग्राफिक’ आणि ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या इंग्रजी साप्ताहिकांतली लाकडी ठशांची चित्रं कापून जमवायची, आणि एखादं दोनदा मिळालं तर दुसऱ्याला पाठवायचं. आपण क्रिकेटपटूंचे फोटो जमवायचो ना, तसंच. विन्सेंटच्या आयुष्यात चित्रकार मित्र म्हणावा असा त्या काळात हाच.

१८८४-८५ चा हिवाळा विन्सेंटने शेतकऱ्यांचे चेहरे रंगवण्यात घालवला. एकामागून एक, चाळीसच्या आसपास. मग त्याने एक मोठं चित्र हाती घेतलं. झोपडीत टांगलेला एक दिवा, खाली टेबल, भोवती पाच माणसं, मधल्या थाळीत वाफाळते बटाटे, आणि एक बाई कपांत कॉफी ओततेय. ‘द पोटॅटो ईटर्स’. इथे हवं तर एपिसोड थांबवा, चित्र शोधून बघा आणि परत या. चेहरे ओबडधोबड, बोटं गाठाळ, रंग न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा. ही उपमा माझी नाही, विन्सेंटचीच. त्याला म्हणायचं होतं की ज्या हातांनी ही माणसं ताटात घालतायत, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय.

हे काम चालू असतानाच, २६ मार्च १८८५ ला, त्याचे वडील घराच्या उंबऱ्यापाशीच कोसळून गेले. महिन्याभराच्या आत विन्सेंट पुन्हा त्याच चित्रावर होता.

एप्रिलमध्ये त्याने त्याची एक शिळाछाप प्रत केली. म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र काढायचं आणि त्यावरून कागद छापायचे. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या प्रेसमधली देवादिकांची रंगीत चित्रंही दगडावरूनच छापली जायची. पण तिथे त्यात मुरलेले कारागीर होते. विन्सेंटने समोर मूळ चित्र न ठेवता, आठवणीतून, एका दिवसात दगडावर काढलं. छापल्यावर डावं-उजवं उलटं होतं, त्याचीही पर्वा केली नाही. आणि तो कागद मित्राला पाठवला.

आता रापार्डचं उत्तर. तो म्हणतो, हे तू गंभीरपणे केलेलं काम नाही, हे तर तूही मान्य करशील. मग एकेका माणसाला धरतो. मागच्या बाईचा हात खोटा वाटतो. ती किटली टेबलावर ठेवलीय, की कुणी धरलीय, की दुसरंच काही? कडेच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं काही असायला नको का? त्याचा हात मीटरभर आखूड का? अर्धं नाक कुठे गेलं? त्या बाईला नाकाच्या जागी चिलमीची नळी आणि टोकाला ठोकळा कशासाठी? आणि शेवटी, अशा पद्धतीने काम करून तू मिले आणि ब्रेतों यांची नावं घेतोस? कला इतक्या हलगर्जीपणे घ्यायची गोष्ट नाही.

‘इतकी वर्षं काढतोयस, एवढंही दिसत नाही का?’

विन्सेंटने ते पत्र घडी घालून, चार ओळी खरडून, त्यालाच परत पाठवलं. गंमत म्हणजे परत पाठवलं म्हणूनच ते आज आपल्याला वाचायला मिळतं. आलेली पत्रं जपून ठेवायची सवय विन्सेंटला नव्हती. ते त्याच्याकडे राहिलं असतं तर बाकीच्यांबरोबर गेलं असतं.

पहिल्यांदा वाचताना मी सरळ विन्सेंटच्या बाजूने होतो. सगळेच असतात. आपल्याला शेवट माहीत आहे ना! एवढ्या मोठ्या कलाकाराला हा कोण शहाणा नाकं शिकवतोय, असं वाटतं. पण पत्र आणि चित्र शेजारी ठेवून बघा. रापार्डने चित्र *पाहिलंय*. ‘छान आहे, चालू ठेव’ लिहून सुटका करून घेणं सोपं होतं. तो किटलीपर्यंत पोचला. किटली खरंच हवेत आहे. हात खरंच आखूड आहे. तेवढं निरखून बघणारं त्या खेड्यात विन्सेंटला दुसरं कोण होतं?

आणि विन्सेंटलाही हे माहीत होतं. शिळाछाप घाईत केलीय, हे त्याने स्वतःच मान्य केलंय. त्याला जे लागलं ते हातापायाबद्दल नव्हतं. लागलं ते पहिलं वाक्य आणि शेवटचं. पहिल्यात रापार्डने परस्पर ठरवून टाकलं की तू मनापासून केलेलं नाहीस, आणि शेवटच्यात विचारलं की तुझी लायकी काय. मधलं सगळं चित्राबद्दल होतं, ही दोन टोकं माणसाबद्दल. पाच वर्षांच्या मित्राने वडील गेल्यावर दोन महिन्यांत असं लिहावं!

आपल्याकडे ‘दाद’ शब्द मोठा मजेशीर आहे. गाण्याला दाद देतात, आणि अन्याय झाला की कोर्टात दाद मागतात. विन्सेंट त्या उन्हाळ्यात दुसऱ्या अर्थाने दाद मागत होता. पत्रामागून पत्र, तू जे लिहिलंस ते मागे घे. रापार्ड थोडा नरमला, पण पूर्ण नाही. सप्टेंबरपर्यंत पत्रं थांबली ती कायमची.

इथे माझी जरा गोची होते. पुरावा दुसरं काहीतरी सांगतो. त्याच उन्हाळ्यात विन्सेंटने शेतात राबणाऱ्या माणसांची मोठमोठी रेखाटनं केली. खणणारे, कणसं वेचणाऱ्या बायका, वाकलेल्या पाठी. या वेळी धड आहे, पोट आहे, गुडघा आहे. आधी बाह्यरेषा काढून आत माणूस भरायचा नाही, आतून माणूस उभा करत बाहेर यायचं, असं काहीतरी तो शोधत होता. म्हणजे ज्या पत्रावर तो चिडला, त्याचंच उत्तर हात काळ्या खडूने देत होता! पॅरिसमध्ये शार्ल सेरे नावाच्या चित्रकारानेही थिओकडे विन्सेंटच्या आकृत्यांबद्दल कुरकुर केली होती. त्यावर विन्सेंटने थिओला जे लिहिलं त्याचा अर्थ असा, की माझ्या आकृत्या शाळेच्या हिशोबाने अचूक झाल्या तर मला वाईट वाटेल, मला अशा चुका करायला शिकायचंय ज्या अचूकपणाहून खऱ्या असतील. हे त्याला आधी एवढं स्पष्ट माहीत असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी नाक ओढल्याशिवाय आपलं नाक कुठे आहे ते कळत नाही.

म्हणजे वाईट बोललेल्या शब्दांचाही उपयोग झाला? चित्राला झाला. माणसाला काय किंमत पडली, ते वेगळं.

पुढे १८८७ मध्ये विन्सेंटने बहिणीला लिहिलं की न्यूनेनला केलेलं ते बटाट्यांचं चित्रच शेवटी माझं सर्वांत चांगलं काम. १८९० मध्ये तो गेला. तेव्हा रापार्डने त्याच्या आईला पत्र लिहिलं, त्यात त्या झगडणाऱ्या, झपाटलेल्या, उदास विन्सेंटची आठवण फार मायेने काढलीय. आणखी दोन वर्षांत रापार्डही गेला, तेहतिसाव्या वर्षी.

बरं, आता हॉलंड सोडूया. हे पत्र वाचल्यावर मी दुसऱ्या टोकाचं उदाहरण शोधत होतो. असं काही, की कुणीतरी कडक बोललं आणि तरीही दार उघडं राहिलं. ते मला आपल्या मुंबईत सापडलं. म्हणजे अर्धं मुंबईत, अर्धं काश्मीरमध्ये.

आधी त्या काळाची पद्धत थोडक्यात. चित्रकाराला जाहीर अभिप्राय मिळायचा तो वार्षिक प्रदर्शनातून. पॅरिसमध्ये सलों होतं, आपल्याकडे १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी. परीक्षक बसायचे, चित्र घ्यायचे किंवा परत पाठवायचे. का, ते सांगायला बांधील नाहीत. पॅरिसमध्ये तर नाकारलेल्या चित्राच्या मागे चौकटीवर ‘आर’ अक्षराचा शिक्का मारत, म्हणजे दुसरा गिऱ्हाईकही बिचकावा. १८६३ मध्ये एवढी चित्रं नाकारली की तिसऱ्या नेपोलियनला नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला परवानगी द्यावी लागली. एक शिक्का किंवा एक सुवर्णपदक. दोन्हींतून शिकायला सारखंच मिळतं, म्हणजे काहीच नाही.

१९४० च्या दशकातल्या मुंबईत मात्र एक वेगळी सोय झाली, आणि ती झाली हिटलरमुळे. युरोपातून पळून आलेली किंवा तिकडे परत जायला जागा न उरलेली काही माणसं इथे होती. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कला संचालक. रुडॉल्फ फॉन लायडन, शिकलेला भूगर्भशास्त्र, करायचा जाहिराती आणि व्यंगचित्रं, लिहायचा कलासमीक्षा. आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, औषधांच्या धंद्यातला, चित्रं विकत घेणारा. लँगहॅमरच्या नेपियन सी रोडच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमायचे. युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून चर्चा व्हायची, आणि आपलं कामही दाखवता यायचं.

कोण होते हे तरुण? कृष्णाजी हौळाजी आरा, लहानपणी घरातून पळून आलेला, लोकांकडे घरकाम करणारा, गाड्या धुणारा. त्याची चित्रं फॉन लायडनने पाहिली आणि उचलून धरली. मकबूल फिदा हुसेन, सिनेमाची होर्डिंग रंगवणारा. गोव्याच्या सालगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा, १९४५ मध्ये जे. जे. तून काढून टाकलेला. आणि मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडचा, नागपूरला शिकून मुंबईत आलेला सय्यद हैदर रझा. १९४७ मध्ये यांनी, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांना घेऊन, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. पुढचा इतिहास लिलावांच्या बातम्यांतून तुम्हाला माहीत असेल. मला त्यात रस नाही. मला रस आहे रविवारच्या त्या खोलीत. गाड्या धुतलेला माणूस आणि व्हिएन्नाच्या अकादमीचा माणूस एकाच चित्राकडे बघत उभे आहेत. शिक्षक नाही, परीक्षक नाही, पदक नाही. (लँगहॅमर या मुलांना युरोपच्याच वाटेने नेत होता, असा आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. कुठल्याच खोलीत सगळ्या खिडक्या नसतात.)

या रझांना सगळे ‘गुणी’ म्हणत होते. त्यांची जलरंगातली निसर्गदृश्यं झरझर, रंग वाहते, बघताक्षणी आवडणारी. कौतुक भरपूर होतं. पण कौतुकात एक अडचण असते. तुम्ही जे आधीच करताय तेच पुन्हा करा, एवढंच ते सांगतं.

१९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले. तिथे त्यांना भेटला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों. हा माणूस जानेवारीत दिल्लीत होता, गांधीजींना हत्येच्या थोडंच आधी भेटला होता, अंत्ययात्रेचे फोटो त्याने काढले होते. रझा २६ वर्षांचे, कार्तिए-ब्रेसों चाळिशीत. त्याने चित्रं पाहिली. आणि जे म्हणाला ते रझा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आपल्यापर्यंत ते त्यांच्याच तोंडून आलंय. आशय असा, की तुझ्यात गुण आहेत, पण तुझ्या चित्रांत बांधणी नाही. चित्र इमारतीसारखं बांधावं लागतं, पाया, भिंती, छप्पर. तू सेझान बघ.

बास. एवढंच.

नीट बघा, हे रापार्डपेक्षा कडक आहे. रापार्ड म्हणत होता नाक चुकलं, हात चुकला. हा म्हणतोय, पायाच नाही! नाक दुरुस्त करता येतं, पाया नसेल तर सगळंच पाडून नव्याने बांधायचं. तरी रझांनी पत्र परत पाठवलं नाही, म्हणजे राग धरला नाही. मुंबईला येऊन त्यांनी आलियान्स फ्रान्सेजमध्ये फ्रेंचच्या वर्गाला नाव घातलं.

मला आधी वाटलं, फरक वेळेचा असणार. विन्सेंटचे वडील नुकतेच गेले होते, जखम ओली होती. पण हे कारण टिकत नाही. रझांची आई १९४७ मध्ये गेली, वडील १९४८ मध्ये, आणि फाळणीत भावंडं पाकिस्तानात गेली. त्या वर्षी त्यांच्या आयुष्यात तरी कुठला पाया जागेवर होता? मग कदाचित असं असेल की परक्याचं बोलणं सोसतं, मित्राचं सोसत नाही. हे थोडंफार खरं आहे. पण मला वाटतं मोठं कारण त्या शेवटच्या तीन शब्दांत आहे. ‘सेझान बघ.’ रापार्डनेही शेवटी मोठ्या चित्रकारांची नावं घेतली होती. पण मिले आणि ब्रेतों त्याने विन्सेंटच्या तोंडावर दार लावायला वापरले, तू त्यांची नावं घ्यायची नाहीस म्हणून. कार्तिए-ब्रेसोंने नाव दिलं ते किल्ली दिल्यासारखं. जा, तिकडे बघ, माझ्याकडे नको.

आणि ही किल्ली त्याची स्वतःची नव्हती, हा यातला माझा आवडता भाग. कॅमेरा हातात घेण्याआधी कार्तिए-ब्रेसों पॅरिसमध्ये आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकला होता, १९२७-२८ च्या सुमाराला. लोत रचनेच्या बाबतीत भलता कडक. ‘बांधणी’ हा शब्द तिथून आला असणार. आणि लोतच्या पिढीला वेड होतं सेझानचं. मग सेझानला कुणी शिकवलं? तिशी उलटलेला, सलोंने वर्षानुवर्षं परत पाठवलेला, जाड थरांत काळपट, भडक चित्रं करणारा सेझान १८७२ च्या सुमाराला पाँत्वाज गावी कामिय पिसारोजवळ जाऊन राहिला. पिसारो त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दोघं शेजारी शेजारी बसून तेच घर, तोच रस्ता, तेच झाड रंगवायचे. पिसारोचं एक निसर्गचित्र तर सेझानने घरी नेऊन जसंच्या तसं उतरवून काढलं. त्याचा रंग उजळला, हात शांत झाला. म्हातारपणी, अख्खा पॅरिस त्याला गुरू मानत असताना, एका प्रदर्शनाच्या यादीत त्याने स्वतःच्या नावापुढे लावलं ‘पिसारोचा शिष्य’.

पिसारो, सेझान, लोत, कार्तिए-ब्रेसों, रझा. पाँत्वाजपासून श्रीनगरपर्यंत पाऊणशे वर्षं एक अभिप्राय हातोहात चाललाय. त्यात ‘तुला एवढंही दिसत नाही का’ कुणी म्हटलंय असं वाटत नाही. प्रत्येकाने पुढच्याला फक्त कुठे उभं राहून बघायचं, ती जागा दाखवली.

रझा १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५१ चं त्यांचं ‘ओ द कान्य’ शोधून बघा. टेकडीवरचं गाव, घरं एकावर एक रचलेली, चौकोन, त्रिकोण, घट्ट भिंती, वर काळं आभाळ. काश्मीरची वाहती जलरंगचित्रं शेजारी ठेवलीत तर माणूस बदललाय असं वाटेल. तो म्हणाला होता ना, इमारतीसारखं बांध! यांनी खरंच इमारतीच बांधल्या. जरा जास्तच आज्ञाधारकपणे, असं माझं मत. रझांचं स्वतःचं असं जे काही आहे, तो बिंदू वगैरे, ते यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. पण पायाशिवाय तेही आलं नसतं. १९५६ मध्ये त्यांना तिथल्या समीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

आणि मुंबईची ती रविवारची खोली? ती पत्रांत गेली. रझा फ्रान्समध्ये आणि चित्रकार कृष्ण खन्ना भारतात, दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांना लिहिलं, आणि त्या पत्रांचं पुस्तकही निघालंय. चित्रं, पैसे, घरच्या अडचणी, कोण काय रंगवतंय, सगळं एकाच कागदावर. विन्सेंट आणि रापार्डचीही पाच वर्षं अशीच गेली होती, हे त्या एका पत्रामुळे आपण विसरतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मित्राला फोन केला. व्हॅन गॉग वगैरे काही काढलं नाही. म्हटलं, वसईचं ते चित्र अजून आहे का? तो म्हणाला, आहे, कपाटावर गुंडाळी करून. म्हटलं, परत पाठवशील? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘का, काही राहिलं होतं का सांगायचं?’

लागलं. लागायलाच हवं होतं.

मागच्या आठवड्यात त्याने एक फोटो पाठवला. वसईचा नाही, नवं चित्र. म्हणजे तो काढत होता, चारही वर्षं. पहाटेचं बंदर, एक होडी, बाकी जवळजवळ काहीच नाही. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. चार वर्षांपूर्वी मी हीच चूक म्हणून लिहिली होती. या वेळी तो ते मुद्दाम करतोय की नाही, मला खरंच ठरवता येईना. तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं. शेवटी एवढंच विचारलं, ‘हे काढताना तू कुठे उभा होतास?’

त्याचं उत्तर आलंय. सव्वाचार मिनिटांचं, आवाजात रेकॉर्ड केलेलं. मी अजून अर्धंच ऐकलंय, भरतीच्या वेळेपर्यंत आलोय.